गोळी तीच, रंग वेगळा आणि अंगावर गांधी

प्रश्न : माझं वय ४६. बरीच वर्षं थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची पांढरी गोळी चालू होती. मध्यंतरी रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) वाढलेलं निघालं म्हणून डॉक्टरांनी डोस १०० केला. नवी गोळी पिवळी आहे. ती सुरू केल्यावर चार-पाच दिवसांतच सकाळी दहा-अकराच्या सुमाराला पोटावर आणि मांड्यांवर गांधी उठायला लागल्या. खाज इतकी की काम सुचत नाही. संध्याकाळपर्यंत आपोआप बसतात. (पहिले दोन आठवडे घरात उरलेल्या पांढऱ्या गोळ्याच दोन-दोन घेऊन संपवल्या होत्या, तेव्हा काही झालं नव्हतं.) मी मनानेच आठवडाभर गोळी बंद ठेवली, गांधी थांबल्या. परत सुरू केली तर दुसऱ्याच दिवशी हजर! डॉक्टर म्हणतात, थायरॉक्सिनची अ‍ॅलर्जी नसते. यजमान म्हणतात, नको ते वाचत बसतेस म्हणून होतं. दोन वर्षांपूर्वी अंगदुखीसाठी घेतलेली एक गोळी, तीही पिवळीच, मला बाधली होती, ओठ सुजला होता. म्हणजे मला पिवळ्या रंगाचंच वावडं आहे का? दूधही मला नीट पचत नाही, त्याचा संबंध असेल का? गोळी नळाखाली धरून रंग धुऊन घेतली तर चालेल? की सोडूनच देऊ?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. पांढऱ्या दोन गोळ्या म्हणजे ५० अधिक ५०, शंभर झाले. पिवळी एक गोळी, तीही शंभरचीच. औषध तेच, मात्रा तीच. ती मात्रा दोन आठवडे तुमच्या अंगाला मानवली आणि पिवळ्या गोळीतून आल्यावर मानवली नाही. म्हणजे डॉक्टरांचं आणि तुमचं, दोघांचंही म्हणणं एकाच वेळी बरोबर असू शकतं. गोळीतलं लेव्होथायरॉक्सिन हे आपल्या थायरॉइड ग्रंथीतून निघणाऱ्या संप्रेरकाची हुबेहूब प्रत असतं, त्यामुळे त्याची खरीखुरी अ‍ॅलर्जी अतिशय दुर्मीळ. पण गोळीत निव्वळ थायरॉक्सिन नसतं.

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. निदान तुमचे डॉक्टर करतील. गोळीच्या पोटात काय असतं आणि त्याचा माग कसा काढायचा, एवढं मात्र मी सांगू शकते.

शंभर मायक्रोग्रॅम म्हणजे ०.१ मिलिग्रॅम. एवढीशी पूड चिमटीत धरतासुद्धा येणार नाही. गोळीचं वजन शंभर मिलिग्रॅमच्या आसपास धरलं, तर त्यातला हजारावा भाग औषध आणि बाकी सगळा इतर माल. गोळीला आकार यावा म्हणून लॅक्टोज, मॅनिटॉल किंवा सेल्युलोजची भर, पूड एकमेकीला धरून राहावी म्हणून स्टार्च किंवा पोव्हिडोन, पोटात गेल्यावर गोळी फुटावी म्हणून आणखी काही, यंत्राच्या साच्याला पूड चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट, आणि शेवटी रंग. या सगळ्यांना निष्क्रिय घटक म्हणतात. आमच्या धंद्यात एक्सिपियंट. थायरॉइडवर ते काही काम करत नाहीत इतकंच. तुमची त्वचा आणि तुमची प्रतिकारशक्ती त्यांना ओळखतच नाही, असं मात्र मुळीच नाही.

थायरॉइडची गोळी हे टोकाचं उदाहरण झालं, पण इतर गोळ्यांचंही फार वेगळं नसतं. २०१९ मध्ये ‘सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या तोंडाने घ्यायच्या औषधांचा एक मोठा अभ्यास आला. चाळीस हजारांहून जास्त औषधांच्या घटकांच्या याद्या त्यात तपासल्या होत्या. सरासरी गोळीच्या वजनात तीन चतुर्थांश वाटा निष्क्रिय घटकांचा निघाला. सुमारे ९३ टक्के औषधांत असा निदान एक तरी घटक होता, ज्याने कुणाला ना कुणाला त्रास झाल्याची नोंद आहे. जवळजवळ ४५ टक्क्यांत लॅक्टोज होतं आणि साधारण एक तृतीयांश औषधांत कृत्रिम रंग. हे आकडे वाचून घाबरू नका. ९३ टक्के औषधं लोकांना बाधतात असा त्यांचा अर्थ नाही. त्याच गोळ्या कोट्यवधी लोक रोज विनातक्रार घेतात. पण ज्याला बाधते त्याने जायचं कुठे, हा प्रश्न उरतो. एका कंपनीची गोळी टाळून दुसरीची घ्यावी, तर त्यातही तोच घटक निघण्याची शक्यता भरपूर.

आता तुमच्या पिवळ्या रंगाकडे. थायरॉइडच्या गोळीच्या मात्रा एकमेकींच्या इतक्या जवळ असतात की अदलाबदल सहज होते, म्हणून बरेच उत्पादक प्रत्येक मात्रेला वेगळा रंग देतात. त्या रांगेत ५० ची गोळी बहुधा पांढरी, बिनरंगाची ठेवलेली असते. त्यामुळे ज्याला रंगाचा संशय आहे त्याला ५० च्याच गोळ्या लागतील तेवढ्या द्यायच्या, ही थायरॉइडच्या डॉक्टरांना चांगली ठाऊक असलेली युक्ती आहे: १०० साठी दोन, ७५ साठी दीड. तुम्ही उरलेल्या गोळ्या वाया जाऊ नयेत म्हणून जे केलंत, ते नकळत हेच होतं.

फक्त एक गोष्ट आधी तपासा. पांढरी आणि पिवळी, दोन्ही गोळ्या एकाच कंपनीच्या होत्या का? एकाच कंपनीच्या असतील तर दोन्हींमधला फरक बहुतेक रंगापुरताच असतो आणि संशय नेमका एका जागी येऊन टेकतो. कंपनी बदलली असेल तर भर घालायचा पदार्थ, चिकटवणारा पदार्थ, सगळंच बदललेलं असू शकतं. मग एकट्या रंगावर बोट ठेवता येत नाही. जेनेरिक औषधात मुख्य औषध आणि त्याचं प्रमाण तेच असावं लागतं. गोळ्यांच्या बाबतीत निष्क्रिय घटक मात्र तेच असावेत असं बंधन नसतं. रिकामी पाकिटं टाकून दिली नसतील तर दोन्ही शेजारी ठेवून वाचा. आतला घडीचा कागदही उलगडा. तो किती बारीक टाइपात छापतात ते मला माहीत आहे. मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा.

काय शोधायचं? पिवळा रंग हा काही एक पदार्थ नाही. टार्ट्राझिन असेल, सनसेट यलो असेल, क्विनोलिन यलो असेल, नाहीतर आयर्न ऑक्साइड. नावाऐवजी नुसता क्रमांकही असतो. टार्ट्राझिन म्हणजे ई १०२, क्विनोलिन यलो ई १०४, सनसेट यलो ई ११०. अमेरिकन पाकिटावर टार्ट्राझिनला ‘यलो ५’ आणि सनसेट यलोला ‘यलो ६’ म्हणतात. कुठे सगळ्या घटकांची यादी छापणं सक्तीचं असतं, कुठे थोडक्यात भागवतात. यादी सापडली नाही तर पाकिटावर उत्पादकाचा पत्ता आणि बॅच क्रमांक असतो. तुमच्या फार्मासिस्टला सांगा, कंपनीला लिहून विचार. हे आमचं कामच आहे, उपकार नव्हेत.

यांपैकी टार्ट्राझिनवर सगळ्यात जास्त लिहिलं-बोललं गेलंय. ते असलेल्या औषधांवर अमेरिकेत तसा इशारा द्यावा लागतो: काही लोकांना त्याने अ‍ॅलर्जीसारखी लक्षणं, दमासुद्धा, होऊ शकतो, असे लोक एकंदरीत थोडे, पण ज्यांना अ‍ॅस्पिरिन चालत नाही त्यांच्यात हे जास्त दिसतं. दुसऱ्या बाजूने हेही सांगायला हवं की रंग बाधतो असं ठामपणे सांगणाऱ्यांना गोळीत काय आहे ते कळू न देता जेव्हा रंग दिला गेला, तेव्हा त्यांतल्या फार थोड्यांनाच खरोखर त्रास झाला. तेव्हा रंगाचा संशय घ्यायला जागा आहे, पण तो सिद्ध झाला असं मानायला अजून नाही.

आणि आता त्या सुजलेल्या ओठाबद्दल. खरं सांगायचं तर तुमच्या गांधींपेक्षा मला त्याचीच जास्त काळजी वाटते. दोन्ही गोळ्या पिवळ्या होत्या म्हणून तुम्ही दोन्ही प्रसंग एका दोरीत ओवलेत. मी तसं करणार नाही. अंगदुखीच्या गोळीत बहुतेकदा आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यांपैकी काहीतरी असतं, आणि औषधांनी ओठ-पापण्या सुजण्याच्या नेहमीच्या कारणांत ही वेदनाशामकं अगदी वर आहेत. तिथे गुन्हेगार रंग असण्यापेक्षा औषध असण्याची शक्यता कितीतरी जास्त. शिवाय या जातीची औषधं रासायनिकदृष्ट्या वेगवेगळी असली तरी शरीरात एकाच मार्गाने काम करतात, त्यामुळे एक बाधलं की बाकीचीही बाधू शकतात. आता समजा, तुम्ही मनाशी पक्कं केलंत की आपल्याला पिवळा रंग चालत नाही, आणि पुढच्या पाठदुखीला पांढरीशुभ्र वेदनाशामक गोळी निर्धास्त घेतलीत. या वेळी सूज ओठापुरती थांबेलच असं नाही. चुकीच्या घटकाला दोष दिला की खरा घटक मोकळा फिरतो.

म्हणून त्या जुन्या गोळीचं नाव कसंही करून शोधा. जुनी चिठ्ठी, औषधाचं बिल, फोनमधला फोटो, काहीही. आणि नाव सापडेपर्यंत डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या गटातलं कुठलंही वेदनाशामक नको, रंग कोणताही असो. आता किंवा पुढे कधीही, गोळीनंतर जीभ जड होणं, घशात आवळल्यासारखं वाटणं, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येणं, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येणं यांतलं काही झालं, तर गांधींवरची गोळी घेऊन वाट बघत बसायचं नाही, थेट तातडीच्या उपचारांना जायचं. तिथे मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन देतात. त्या वेळी जीव वाचवणारं औषध तेच. खाज कमी करणाऱ्या गोळीने ते काम होत नाही.

जाता जाता एक गोष्ट. अ‍ॅड्रेनलिनच्या बऱ्याच इंजेक्शनांत औषध टिकावं म्हणून सल्फाइट घातलेलं असतं, आणि सल्फाइटने काही दमेकऱ्यांचा दमा उसळतो. तरीही त्याच इंजेक्शनाच्या माहितीपत्रात स्पष्ट लिहिलेलं असतं की सल्फाइट आहे म्हणून गंभीर अ‍ॅलर्जीत हे औषध द्यायचं थांबू नये. निष्क्रिय घटकाची भीती किती बाळगायची, याचं माप प्रत्येक प्रसंगी वेगळं असतं.

तुमच्या गांधींना रंगाखेरीज आणखी एक कारण असू शकतं, ते तुमच्या डॉक्टरांच्याही मनात असेल. थायरॉइड मंदावण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच ग्रंथीवर हल्ला चढवणं. अशा लोकांना दीर्घकाळ गांधी उठत राहण्याचा त्रास इतरांपेक्षा जास्त आढळतो, आणि तो कुठल्याही गोळीशिवाय येतो-जातो. तसं असेल तर तुम्ही गोळी थांबवलीत तो आठवडा आणि गांधी नसलेला आठवडा एकच निघणं हा योगायोगही ठरू शकतो. मला मात्र तुमच्या बाबतीत योगायोगाची बाजू जरा कमकुवत वाटते. दोन पांढऱ्या चालल्या, पिवळी चालली नाही, थांबवल्यावर थांबलं, सुरू केल्यावर लगेच सुरू झालं. इतक्या सगळ्या गोष्टी ओळीने जुळाव्यात, असं सहसा होत नाही. आणखी एक बाब तुमच्या बाजूची आहे. थायरॉक्सिन रक्तातून फार सावकाश उतरतं. निम्मं व्हायलाच त्याला साधारण आठवडा लागतो. तुमच्या गांधी आठवडाभरात पूर्ण थांबल्या, तेव्हा निम्मं थायरॉक्सिन अजून अंगातच होतं. म्हणजे दोष औषधाचा असण्याची शक्यता आणखी कमी.

तुमच्या यजमानांनाही थोडा न्याय देऊ या. त्रास होणार अशी धास्ती घेऊन गोळी घेतली की मळमळ, डोकेदुखी, धडधड खरोखरच होते. हे अभ्यासांत वारंवार दिसलंय आणि त्यात कुणी खोटं बोलत नसतं. पण पोटावर उठलेल्या लाल गांधी इतरांनाही दिसतात. पुढच्या वेळी उठल्या की एका गांधीभोवती पेनाने रेघ मारा, घड्याळ बघा, फोटो काढा. काही तासांनी त्याच जागेचा पुन्हा फोटो काढा. डाग न ठेवता त्याच दिवशी बसली आणि दुसरीकडे नवी उठली, तर ती साधी गांधी. चोवीस तासांनंतरही तिथेच ठाण मांडून असेल, दुखत असेल किंवा बसल्यावर काळपट डाग राहात असेल, तर ते प्रकरण वेगळं आहे आणि डॉक्टरांना ते मुद्दाम सांगायला हवं. दवाखान्यात तुमची वेळ येईपर्यंत अंग कोरं झालेलं असतं, म्हणून फोटो फार उपयोगी पडतात.

दुधाबद्दल थोडक्यात. दूध न पचणं आणि दुधाची अ‍ॅलर्जी या दोन अगदी निराळ्या गोष्टी. पहिल्यात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नाही. पोट फुगतं, जुलाब होतात, गांधी उठत नाहीत. शिवाय लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत चालतं आणि तुमच्या अख्ख्या गोळीचं वजनच ग्रॅमचा जेमतेम दहावा हिस्सा. पांढऱ्या गोळीतही लॅक्टोज होतं असं पाकिटावर दिसलं, तर हा विषय तिथेच मिटला.

दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी मात्र हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. औषधातलं लॅक्टोज गाईच्या दुधापासून काढतात आणि त्यात प्रथिनांचा लवलेश राहू शकतो. मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या एका कमी मात्रेच्या इंजेक्शनात असं लॅक्टोज होतं. गंमत म्हणजे हे इंजेक्शन तीव्र अ‍ॅलर्जीवर उपचार म्हणूनही देतात. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना ते दिल्यावर काहींची अवस्था आणखी बिघडली, आणि मूळ त्रासच वाढतोय की इंजेक्शनाने वाढवलाय, हे समोरच्या डॉक्टरला ओळखणं कठीण होऊन बसलं. २०१७ मध्ये युरोपीय औषध संस्थेने दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना ते देऊ नये असं सांगितलं. ज्यांच्या घरात दुधाच्या खऱ्या अ‍ॅलर्जीचं मूल आहे, त्यांनी इंजेक्शनाआधी आणि पूड ओढायच्या इनहेलरआधी लॅक्टोजबद्दल विचारावं. तुम्हाला या यादीत जायची गरज दिसत नाही.

गोळी धुण्याचा विचार कृपा करून सोडा. रंग वरच्या पापुद्र्यात असेल असं वाटतं, पण थायरॉइडच्या बहुतेक गोळ्यांना वेगळं आवरण नसतंच, रंग पुडीतच कालवलेला असतो. गोळी मधोमध तोडून बघा, आतही पिवळीच दिसेल. वर लेव्होथायरॉक्सिनला ओल आणि उष्णता अजिबात सोसत नाही. धुतलेल्या गोळीत रंग राहील आणि मात्रेचा भरवसा जाईल.

आणि सोडूनच देऊ का, या प्रश्नाला माझं उत्तर सरळ नाही असं आहे. आठवडाभराने फार बिघडलं नाही याचं कारण वर आलंच, औषध रक्तात रेंगाळतं. महिन्या-दोन महिन्यांनी थकवा, सूज, मंदावलेली नाडी, वाढलेलं कोलेस्टेरॉल हे सगळं हळूहळू परत येईल, आणि ते इतक्या चोरपावलांनी येतं की कशामुळे आलं हे लक्षातही येत नाही.

मग करायचं काय? डॉक्टरांकडे जाताना ‘मला थायरॉइडच्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे’ असं वाक्य घेऊन जाऊ नका. ते ऐकलं की कुठलाही डॉक्टर नसते असंच म्हणणार. त्याऐवजी दोन्ही पाकिटं टेबलावर ठेवा, तारखांचा कागद आणि फोटो दाखवा आणि विचारा, ‘पिवळ्याऐवजी त्याच कंपनीच्या ५० च्या दोन पांढऱ्या घेऊन बघू का?’ ही विनंती कुणालाही मान्य होण्यासारखी आहे: मात्रा तीच राहते आणि उपचार थांबत नाही. गांधी थांबल्या आणि थांबलेल्याच राहिल्या, तर तुमचा रोजचा प्रश्न सुटला. पांढऱ्यावरही उठत राहिल्या, तर रंग निर्दोष आहे आणि शोध दुसरीकडे वळवायचा. खाजेसाठी डॉक्टरांनी गोळी लिहून दिली तर तीही बिनरंगाची मागून घ्या; नाहीतर गोंधळात भर पडेल.

पिवळी गोळी घरच्या घरी पुन्हा घेऊन खात्री करून बघू नका. एकदा तसं झालंय, तेवढं पुरे. ओठ सुजल्याची जुनी नोंद असलेल्या माणसाने असले प्रयोग एकट्याने करायचे नसतात. गरज पडली तर अ‍ॅलर्जीतज्ज्ञ ते दवाखान्यात, देखरेखीखाली, अगदी थोड्या प्रमाणापासून चढत करतात, आणि कधी कधी कुठल्या कॅप्सूलमध्ये रंग आहे ते तुम्हाला कळू देत नाहीत. रंगांसाठी त्वचेवरच्या किंवा रक्ताच्या चाचण्या फारशा विश्वासार्ह नाहीत, कारण या प्रतिक्रिया बहुतेकदा नेहमीच्या अ‍ॅलर्जीच्या मार्गाने होतच नाहीत. तेव्हा शंभर पदार्थांची रक्ततपासणी एका झटक्यात करून देतो म्हणणाऱ्यांकडे पैसे घालवू नका.

पांढरी गोळीही चालली नाही तर? काही ठिकाणी लेव्होथायरॉक्सिन द्रवरूपात मिळतं, शिवाय निव्वळ जिलेटिन, ग्लिसरीन आणि पाणी एवढ्याच सोबतीने बनवलेली मऊ कॅप्सूलही असते. पण कंपनी किंवा प्रकार बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासायचं, कारण बाकीचा माल बदलला की औषध अंगात किती शोषलं जातं तेही थोडं बदलू शकतं. फ्रान्समध्ये मार्च २०१७ मध्ये लेव्होथायरॉक्सिनच्या एका फार खपाच्या गोळीतलं लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक अ‍ॅसिड घातलं गेलं. औषध तेच होतं. तरीही थकवा, डोकेदुखी, केस गळणं अशा हजारो तक्रारी आल्या, प्रकरण न्यायालयात गेलं आणि जुनं सूत्र परत द्या अशी मागणी झाली. त्या तक्रारी अ‍ॅलर्जीच्या नव्हत्या आणि त्यांच्या कारणांवर बराच वाद झाला. पण भर घालायच्या मालात फेरफार करताना रुग्णांना आधी नीट सांगायला हवं होतं, याबद्दल माझं मत पक्कं आहे.

तुमच्या निमित्ताने इतर वाचकांसाठीही सांगते. निष्क्रिय घटकाचा संशय केव्हा घ्यावा? एकमेकींशी काही नातं नसलेली दोन-तीन औषधं एकाच माणसाला बाधतात तेव्हा. किंवा एका कंपनीचं औषध चालतं आणि तेच औषध दुसऱ्या कंपनीचं चालत नाही तेव्हा. यात मला सगळ्यात गंभीर वाटतो तो पॉलिइथिलीन ग्लायकॉल, ज्याला मॅक्रोगॉलही म्हणतात. बद्धकोष्ठावरची पूड, आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीआधी प्यायचं औषध, सांध्यात द्यायची काही स्टेरॉइडची इंजेक्शनं, कितीतरी गोळ्यांचं गुळगुळीत आवरण, सगळीकडे तो असतो. त्याची अ‍ॅलर्जी दुर्मीळ आहे, पण असली तर जोरदार असते, आणि त्याचा संशय यायला अनेकदा दोन-तीन झटके यावे लागतात. डिसेंबर २०२० मध्ये कोविडच्या एमआरएनए लशी सुरू झाल्या आणि पहिल्या काही तीव्र प्रतिक्रियांनंतर बोट याच घटकाकडे गेलं. पुढे, पहिल्या डोसला त्रास झालेल्या बऱ्याच जणांनी देखरेखीखाली दुसरा डोस घेतला आणि बहुतेकांना तो नीट चालला. म्हणजे तिथेही पहिला संशय सगळ्यांच्या बाबतीत खरा ठरला नाही.

तुमच्या फायलीत काय लिहिलं जातंय त्यावर मात्र डोळा ठेवा. ‘थायरॉक्सिनची अ‍ॅलर्जी’ असा शेरा एकदा पडला की तो पुसायला कुणी धजावत नाही. पेनिसिलिनचं बघा. अमेरिकेत दहातला एक माणूस आपल्याला त्याची अ‍ॅलर्जी आहे असं सांगतो आणि तपासल्यावर त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांना ती नसते. तोवर त्यांना वर्षानुवर्षं दुय्यम प्रतिजैविकं दिली गेलेली असतात. तुमच्या नोंदीत गोळीचं नाव, कंपनी, मात्रा, पाकिटावर छापलेलं रंगाचं नाव, गोळीनंतर किती वेळाने काय झालं, आणि ‘त्याच औषधाची बिनरंगाची गोळी चालते’ हे असू द्या. पुढे ‘संशयित’ हा शब्द ठेवा, खात्री होईपर्यंत. त्याखाली वेगळ्या ओळीत वेदनाशामकाची नोंद, तीही त्या गोळीचं नाव सापडलं की. दोन्ही एकत्र करून ‘पिवळ्या गोळ्या चालत नाहीत’ असं कुणालाही लिहू देऊ नका.

आणि मधल्या काळात ताप आला, अंग दुखलं तर काय घ्यायचं, हे याच भेटीत विचारून ठेवा, कारण ते आठवतं रात्री, ताप चढल्यावर. ज्यांना ती वेदनाशामकं बाधतात त्यांतल्या बहुतेकांना नेहमीच्या मात्रेत पॅरासिटामॉल चालतं. पण तुमच्यासाठी ते ठीक आहे हे डॉक्टरांच्या तोंडून ऐका, आणि घेताना कुठल्या कंपनीचं, कुठल्या रंगाचं हे आधी पाकिटावर वाचा.